सांजवातीची नावं

देवापुढे बसलं की माझ्या डोळ्यांना धारा लागतात, अशी एके काळी अमरावतीत माझी ख्याती होती. हसू नका, खरंच होती. आमच्या आळीतल्या बायका संध्याकाळी हातपाय धुऊन, "चाल वो, सांजवात ऐकून येऊ, काय रडते ते सून देवापुढं!" असं म्हणत आमच्या दारात चपला काढायच्या. आज ते आठवलं तरी माझी कानशिलं तापतात. मी तोंडाळ बाई, लाज वाटावी असं पुष्कळ काही बोलून आणि करून बसले आहे. त्यातलं बरंचसं वयाबरोबर विरून गेलं. हे मात्र विरत नाही.

माझं माहेर अकोल्याचं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी मॅट्रिकला होते आणि गणितात वर्गात पहिली येत होते. हे इथे सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. अमरावतीचं स्थळ आलं. मुलगा कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, म्हणजे जिनात, कारकून, घरात फक्त आई, आणि एक बहीण चांदूर बाजारला दिलेली. माझ्या वडलांनी एकच अट घातली, पोरीची परीक्षा होऊ द्या. सासूबाई आमच्या ओसरीवर बसून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हाव ना! देईन ते परीक्षा. आमी काय राक्षस हावो का?"

लग्न झालं. परीक्षा तोंडावर आली आणि सासूबाईंचे गुडघे धरले. "ह्या साली राहू दे पोरी, पुढच्या साली देजो." पुढच्या साली मी विचारलं तर म्हणाल्या, "आता कायले पाह्यजे परीक्षा? तुले काय कलेक्टर व्हायचं हाये?" तेही भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याला सांगितलं तर त्यांनी, "मायले मी काय म्हनू?" एवढं म्हणून पेपर तोंडासमोर धरला. संपला विषय! नव्या सुनेनं राग गिळायचा असतो, तसा मी गिळला. पण माझा राग असा गुमान पोटात राहणारा नव्हता.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. उंच, सावळ्या, हाडापेरानं मजबूत, आणि बोलणं म्हणजे दगड मारल्यासारखं. तशा वाईट नव्हत्या. पण त्या वेळी मला हे कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते.

आमचं घर जिनाच्या मागे, दोन खोल्यांचं, कौलारू. हंगामात रुईचे तंतू उडत यायचे आणि भांड्यांवर, अंथरुणावर, समईच्या तेलावरसुद्धा येऊन बसायचे. दिवेलागणीला त्या समईपुढे सांजवात म्हणायची. ही सांजवात म्हणजे काही ओव्या होत्या, आत्याबाईंना त्यांच्या सासूनं शिकवलेल्या. कुठे छापलेल्या नाहीत, तोंडातून तोंडात आलेल्या. त्यांची रीत अशी की देवापुढच्या पाटावर एकीनंच बसायचं आणि तिनं एकटीनंच म्हणायचं. तिचं म्हणणं तेच सगळ्या घराचं म्हणणं. बाकीच्यांनी नुसते हात जोडून बसायचं, ओठसुद्धा हलवायचे नाहीत. ओठ हलले तर मागणं फुटतं, असं आत्याबाई म्हणत. आणि ओव्या संपल्या की नावं घ्यायची. घरातल्यांची, लेकीबाळींची, जे जे आपलं त्या सगळ्यांची नावं घ्यायची आणि त्यांना सांभाळ म्हणायचं. सुनेनं नवऱ्याचं आणि सासूचं नाव उच्चारायचं नसतं, म्हणून तिनं 'माझं कुंकू' आणि 'माझी सासू' असं म्हणायचं.

आत्याबाईंचं म्हणणं ऐकण्यासारखं मुळीच नव्हतं. भाजीवालीला काय काय हवं ते सांगावं तशा त्या एका सुरात ओव्या म्हणून जायच्या. मध्येच थांबून, "दूध उतू जाईन, पाह्य वो," असं मला सांगायच्या आणि पुढची ओवी उचलायच्या. मला मनातून हसू यायचं. अकोल्याला माझ्या शाळेत प्रार्थना कशी तालासुरात व्हायची! हिला काय त्याचं, असं मी मनात म्हणायची. वयानं एवढीशी होते, पण नाक केवढं वर!

दिवसभरात तेवढाच वेळ मला कोणी काही काम सांगत नसे. हात जोडायचे, डोळे मिटायचे. आणि डोळे मिटले की परीक्षेचा हॉल दिसायचा, माझ्या बाकावर दुसरीच कोणी बसलेली दिसायची, आणि कानात त्या बाईचा सपाट आवाज पडत राहायचा जिनं मला फसवलं. असा काही संताप दाटून यायचा की डोळ्यांतून घळाघळा पाणी! हुंदका नाही, काही नाही, नुसतं पाणी. मी पदरानं पुसायची नाही, कारण पुसलं तर त्यांना कळेल.

त्यांना कळलंच. एक दिवस ओव्या संपल्यावर वळून बघितलं आणि म्हणाल्या, "कावून रडून राहिली वो?"

"काही नाही. असंच."

"देवापुढं असंच पानी येते तुले?"

काय सांगणार? तुमच्या नावानं येतं, असं सांगणार? त्या कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. आमची शेजारीण तेव्हा दारातच उभी होती. ती म्हणाली, "अवो, अकोल्याचं पानीच खारं, डोळ्यातून न येईन त कुठून येईन!" आणि दोघी हसल्या. पण आत्याबाईंचं हसणं अर्धंच होतं.

त्याच चातुर्मासात जवळच्या देवळात एक बुवा कीर्तनाला आले. आवाज खणखणीत, बायकांची गर्दी. त्यांनी एका दिवशी सांगितलं की नुसत्या शब्दांनी देव हलत नाही, म्हणणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं तरच ते देवाच्या कानापर्यंत जातं. बायका डोळे पुसत होत्या. परत येताना आत्याबाई घराच्या पायरीशी आल्या आणि खालीच बसल्या.

"मले त कधीच नाही आलं वो पानी," त्या म्हणाल्या. "मंग इतके वर्स मी काय केलं?"

मला वाटलं गुडघे दुखतायत. मी हात धरून उठवायला गेले. त्यांनी हात सोडवला.

"माह्या लेकीचे दोन लेकरं गेले, ते माह्या ह्या कोरड्या म्हनन्यापायीच गेले असन."

हे मात्र मला समजलं. माझ्या नणंदेची दोन बाळं जन्मताच गेली होती. दोन्ही बाळंतपणं इथे, ह्याच घरात झाली होती. तेव्हापासून आत्याबाई नावं घेताना पहिलं नाव लेकीचं घ्यायच्या, हे मी रोज ऐकत होते. पण ती कोरडेपणाची चूक आपली, असं ही दगडासारखी बाई मनात धरेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. बुवांचं काय ऐकता, म्हणायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दिवा लावला आणि आत्याबाई पाटाच्या बाजूला बसल्या. "बस इथं. आजपासून पाट तुहा. माह्यं म्हननं कोरडं गेलं, तुह्यं ओलं हाये. माह्या लेकीचं नाव पहिलं घेजो." आणि हात जोडून, ओठ घट्ट मिटून बसल्या. मला सासूबाईंचा पाट मिळाला, तोही अवघ्या दोन वर्षांत! आळीत कोणत्याच सुनेला मिळाला नव्हता. खरं सांगू? मला बरं वाटलं. गुदगुल्या झाल्या म्हणा ना.

मी म्हणू लागले. शाळेतल्या तालासुरात, चाल लावून. रागही होताच, तेव्हा पाणीही होतं. शेजारणीनं आळीत बातमी पसरवली, आणि बायका येऊन बसू लागल्या. कोणी फुलं आणली, कोणी तेल. एक म्हातारी तर माझ्या पायाशी वाकली. मी पाय मागे घेतले तर म्हणे, "पाह्य वो, किती लीन हाये!" घ्या आता! खरं बोलायला तोंड उघडावं तर तोही नम्रपणाच ठरायचा.

आणि नावं. नणंदेचं नाव पहिलं घ्यायची. मग माझं कुंकू, मग अकोल्याचे माझे आईवडील, भाऊ, बहीण. शेवटी 'माझी सासू'. त्या जागी मी श्वास घ्यायची. कंठ दाटल्यासारखा एक श्वास, आणि पुढे 'सांभाळ' म्हणून मोकळी. मुद्दाम. रोज. रडणाऱ्या बाईचा एखादा शब्द गिळला गेला तर कोणाला काय कळतं? देवासमोर बसून, सगळ्या घराच्या वतीनं मागताना, जिनं मला तो पाट दिला तिलाच मी गाळत होते. हे लिहिताना माझा हात थांबतो. पण मी तेव्हा थांबले नाही.

पुढे गंमतच झाली. गंमत कसली, दुर्दशा! पाट दिल्यापासून आत्याबाई बदलल्या. विहिरीचं पाणी स्वतः ओढू लागल्या. "राहू दे, देवाचं काम करते तू." दुधावरची साय माझ्या ताटात. रविवारी मला समोर बसवून डोक्याला तेल घालायच्या, त्यांच्या त्या खरबरीत हातांनी, आणि केसांचा गुंता सोडवताना लहानपणच्या गोष्टी सांगायच्या. आता अशा बाईवर माणसानं किती दिवस रागावावं? माझा राग हळूहळू पातळ झाला. आणि राग गेला तसं पाणीही गेलं. एका संध्याकाळी डोळे मिटले, परीक्षेचा हॉल आणला, फसवणूक आठवली, सगळं करून पाहिलं. ठणठणीत कोरडे!

ओव्या संपल्यावर आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा पार पडला. कारण त्याच सुमारास चांदूर बाजारहून निरोप आला होता की नणंदेला पुन्हा दिवस गेले आहेत. आणि तिच्या सासरच्यांनी सांगितलं होतं की या वेळी बाळंतपण तिकडेच करू. दोनदा माहेरी झालं आणि दोनदा गेलं, आता माहेर नको. आत्याबाईंनी ते निमूट ऐकून घेतलं होतं. लेकीला जवळ आणता येत नव्हतं, हातानं काही करता येत नव्हतं. पाटही मला देऊन टाकलेला. त्यांच्याजवळ उरलं होतं ते माझ्या डोळ्यांतलं पाणी.

दुसऱ्या दिवशी मी पदराच्या टोकाला कापराची वडी बांधली. म्हणायला बसण्याआधी बोट तिच्यावर घासायचं आणि पापणीच्या कडेला लावायचं. आग व्हायची, पण धार लागायची. आत्याबाईंचा चेहरा फुलायचा. तो फुललेला चेहरा बघवत नसे म्हणून मी डोळे मिटून घ्यायची, आणि बायका म्हणायच्या, तंद्री लागली.

तरी एक सांगते. राग गेल्यावरही 'माझी सासू' मी परत आत घेतली नाही. आता रागानं नव्हे. इतके महिने गाळलेलं नाव एकाएकी घेतलं तर कोणाच्या लक्षात येईल, या भीतीनं. चूक लपवायला तीच चूक रोज करायची, असं चाललं होतं माझं.

दिवस भरत आले. एका दुपारी चांदूर बाजारच्या बसनं नणंदेचा दीर आला. दारातच उभा राहून त्यानं सांगितलं की कालपासून कळा येतायत, सुटका होत नाही, डॉक्टरला बोलावलं आहे, काही सांगता येत नाही. माझे यजमान होते त्याच कपड्यानं त्याच्याबरोबर निघाले. आत्याबाई पायात चपला घालून उभ्या होत्या. दीर खाली बघून म्हणाला, "तुमी नोका येऊ. आमची माय म्हनते, नोका येऊ." आत्याबाईंनी चपला काढल्या आणि त्या नीट जोडून भिंतीशी ठेवल्या.

चूल पेटली नाही. ऊन कलायला लागलं तशी आळीतल्या बायका येऊ लागल्या, तर त्यांनी सगळ्यांना दारातूनच परत पाठवलं. "आज आमी दोघीच." मग हातपाय धुतले, समई घासली, वात लावली, आणि पाटाशेजारी बसल्या. "आज जीव ओतून म्हन, पोरी," त्या म्हणाल्या. "माह्या हातात काही नाही राहिलं."

माझं बोट कापरावर होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि ओठ असे आवळून धरलेले की ते थरथरत होते. लेक तिकडे मरणाच्या दारात आणि ही बाई तिच्यासाठी एक शब्दसुद्धा बोलायची नाही, का, तर माझं मागणं फुटेल! माझं! मला एकदम इतकी शरम वाटली की पाटावर बसणं होईना.

"आत्याबाई, माह्यानं नाही होत."

त्यांनी डोळे उघडले. "काय नाही होत?"

"रडणं. मी देवासाठी कधी रडलीच नाही. तुमच्या रागानं रडत होती."

"माह्या रागानं?"

"परीक्षा देऊ दिली नाही म्हणून."

"अन् आता? राग हाये अजून?"

"नाही. म्हणून तर पाणी येत नाही." आणि मी बोट पुढे केलं. त्यांनी माझं मनगट धरलं, बोट नाकाशी नेलं, वास घेतला.

आता थोबाडीत बसणार, असं मला वाटलं. बसायलाच हवी होती. त्यांनी मनगट सोडून दिलं.

"माय वो," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मी इतके महिने तोंड शिवून बसली, अन् तू कापूर लावत होती?"

मला रडू कोसळलं. आता खरंखुरं, नाकातोंडातून येणारं. त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही. "सरक," म्हणाल्या. गुडघ्यांवर हात देत पाटावर बसल्या आणि म्हणायला लागल्या.

तोच आवाज. सपाट, कोरडा, भाजीवालीला सांगावं तसा. मध्येच थांबून, "वात पुढं कर," असं मला सांगितलं आणि पुढची ओवी उचलली. मी ते म्हणणं शंभरदा ऐकलं असेल, पण ऐकलं असं त्या दिवशीच. समोर कोणीतरी बसलं आहे आणि ते ऐकून घेतंय, याबद्दल त्या बाईला तसूभर शंका नव्हती. म्हणून तर चाल लावायची गरज नव्हती, आवाज चढवायची नव्हती. घरातल्या माणसाशी बोलताना कोण चाल लावतं? मी त्या पाटावर बसले तेव्हा मला समोर कोणी दिसलंच नव्हतं. मला मागे बसलेल्या बायका दिसत होत्या.

नावं आली. पहिलं लेकीचं. मग, "तिच्या पोटातल्याचं अजून नाव नाही, पन पाह्यजो." मग मुलाचं. आणि मग माझं नाव घेतलं, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट, म्हणजे देवाची गफलत होऊ नये. ओवीत नसलेलं पुढे जोडलं, "हिचा माह्यावर राग होता. त्याचं काही हिच्या आंगाले लागू देऊ नोको."

मी जमिनीकडे बघत होते. गाळलेल्या नावाचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. राग सांगितला, कापूर सांगितला, पण ते नाही. तिथे माझी जीभ रेटली नाही.

सकाळच्या बसनं यजमान परत आले. मुलगी झाली, दोघी सुखरूप. आत्याबाई मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मी मनात वेळ जुळवून पाहिली. यजमानांनी सांगितलं त्यावरून मुलगी झाली तेव्हा उन्हं अजून अंगणात होती, म्हणजे आमचा दिवा लागायचाच होता. तर कोणाच्याच म्हणण्यानं काही झालं नव्हतं, ना ओल्या ना कोरड्या. मी शहाणी, हे आत्याबाईंना सांगायला गेले. त्या गूळ-खोबरं फोडत होत्या. म्हणाल्या, "मंग? झालं म्हनून बोलनं सोडतेत का कोनी?"

गूळ-खोबरं घ्यायला आळी लोटली. शेजारणीनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि मोठ्यानं म्हणाली, "सुनेच्या डोळ्याच्या पान्यानं झालं वो सगळं!" माझ्या अंगाचं पाणी पाणी झालं. आत्याबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, शेजारणीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाल्या, "हाव." एवढंच. त्या एका शब्दानं त्यांनी माझी अब्रू झाकली. चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर मला इतकं लागलं नसतं.

त्या दिवसापासून एक नवी रीत पडली. दिवा लावण्याआधी त्या मला विचारायच्या, "राग हाये का माह्यावर? असन त आत्ताच सांग, देवापुढं नोको." सुरुवातीला मी लाजेनं नाही म्हणायची. पुढे खरं सांगू लागले. हाये म्हटलं की दिवा राहायचा, आधी आमचं भांडण व्हायचं, मग दिवा. मी पहिल्यांदा 'हाये' म्हटलं ते परीक्षेबद्दलच. त्या म्हणाल्या, "बरं, बस मंग ह्या साली." आणि खरंच बसवलं. परीक्षेपर्यंत चूल, धुणं, पाणी सगळं त्या मोडक्या गुडघ्यांनी त्यांनी ओढलं. मी पास झाले, पुढे मास्तरीण झाले. पाटावर आळीपाळीनं बसू लागलो, आणि माझ्या पाळीला मी 'माझी सासू' ठणठणीत आवाजात घेऊ लागले. त्यांनी कधी त्यावर चकार शब्द काढला नाही.

एकोणीसशे साठनंतर यजमानांची नोकरी अकोल्याच्या जिनात लागली आणि आम्ही तिकडे आलो. आत्याबाईंना अकोल्याचं ऊन सोसेना, पाणी गोड लागेना. "हेच पिऊन वाढली म्हनून तू अशी," म्हणायच्या. शेवटच्या वर्षी त्या खाटेवरून उठत नव्हत्या. खाट मी देवघराच्या दाराशीच ओढली होती. पाट तेव्हा कायमचा माझाच होता.

एका संध्याकाळी मी नावं घेत होते. नणंद, तिची मुलगी, माझं कुंकू, माझी लेकरं. मग 'माझी सासू' म्हटलं, आणि खाटेवरून आवाज आला.

"आता बरी घेते. तवा नव्हती घेत."

मी वळले. ओव्यांमध्ये वळायचं नसतं, पण वळले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"ओठ शिवले होते वो, कान नाही. रोज तिथं श्वास घ्यायची तू."

"मग बोलल्या का नाही?"

त्यांना दम लागत होता. थांबून थांबून म्हणाल्या, "बोलली असती त तू पाटावरून उठली असती. मंग माह्या लेकीचं नाव कोनी घेतलं असतं?"

म्हणजे रोज, बायकांनी भरलेल्या घरात, आपलं नाव गाळलं जातंय हे ऐकत ही बाई हात जोडून बसली होती. त्याच महिन्यांत माझ्या डोक्याला तेल घातलं होतं. आणि पुढे रोज दिव्याआधी मला विचारत होती, "राग हाये का माह्यावर?" आणि तुमचा माझ्यावर आहे का, हे इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

"म्हन पुढं," त्या म्हणाल्या. "दूध उतू जाईन."

मी समईकडे तोंड केलं. 'सांभाळ' एवढा एकच शब्द उरला होता. तोंड उघडलं तर आवाज फुटेना, डोळ्यांपुढे वात दिसेना. मागे खाट करकरली. एकीनंच म्हणायची ती रीत मोडून आत्याबाईंनी सगळी नावं पहिल्यापासून पुन्हा घेतली, कोरड्या आवाजात, एका सुरात. लेकीचं पहिलं, आणि तिच्या लगेच पाठोपाठ माझं.